पांढरी बाजू खाली

१

डिंपल पटले गेली त्या सकाळी आमगावच्या त्या गल्लीला नळ आले होते, पण भांडी हलवायचं भान कुणालाच राहिलं नाही. भरलेल्या गुंड-कळशांवरून पाणी वाहत राहिलं आणि नालीला पूर आला.

आधी एवढंच कळलं की पोट्टी सालेकसा रोडवर सायकलवरून पडली. मग कळलं की मान मोडली. आठ वाजता तिचे वडील टेकचंद पटले गुरुजी रुग्णवाहिकेतून उतरले, तेव्हा विचारायला काही उरलंच नव्हतं. अठरा वर्षांची मुलगी. पहाटे साडेपाचला निळ्या-पिवळ्या जर्सीत दारातून निघाली होती, जाताना शेजारच्या राखीच्या खिडकीवर टकटक करून गेली होती. राखीची चिऊ पाच महिन्यांची होती. पहाटे ती जागीच असायची, आणि ती टकटक ऐकली की बोळकं उघडून हसायची.

गुन्हेगार शोधायला पोलिसांना दुपारही लागली नाही. चौथ्या किलोमीटरच्या खुणेपुढे, चिंचेच्या मोठ्या झाडाखाली, रस्त्याच्या डाव्या अंगाला पाच दगड ओळीनं मांडलेले होते. आजूबाजूला धानाचे चार दाणे. हा आपल्याकडचा जुना रोग. डांबरावर धान वाळू घालायचं, गाडी चढू नये म्हणून भोवती दगड लावायचे, आणि धान उचललं की दगड तिथेच टाकून घरी जायचं. शेत दसरू कुंभरेचं, दगड दसरूचे. पोरांकडून सायकल शर्यतीचा सराव करून घेणारे गुरुजी रोज पहाटे पाचला स्कूटरनं जाऊन रस्ता पाहून येत. त्यांनी सांगितलं, पाच वाजता रस्ता साफ होता. साडेपाचला दसरू पळसाची फांदी ओढत तिथे होता, हे दूधवाल्यानं पाहिलं. सहाला पोरगी मेली. झालं, हिशोब जुळला.

आज पाचवा दिवस. दसरूची आई फुलवंताबाई राखीच्या पायरीवर बसली होती. दर हिवाळ्यात ती या गल्लीत शिंगाडे विकायला यायची. आज टोपली नव्हती.

"मॅडम, उद्या दुपारी कोर्टात नेतात मनतेत. तिथून जेलात. एकडाव पोरगा तिकडं गेला का माया हातचा गेला."

"आत्या, मी रजेवर आहे." राखी पोलीस हवालदार होती, पण सध्या बाळंतपणाच्या रजेवर. "माझं ठाण्यात काही चालत नाही आत्ता."

"चालवाले कोन सांगून रायलं? तुमी आयकून त घ्या. तिथं कोनी आयकतच नाई." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "थे दगड आमचेच होत. नाई मनत नाई मी. पन त्याइले मी सोता चुना फासलो. अंधारात गाडीवाल्याले दिसावं मनून. दोन फर्लांगावरून चमकतेत जी. मंग त्या पोरीले काऊन नाई दिसले?"

राखीच्या मांडीवर चिऊ कुरकुरत होती. तिला थोपटणारा हात थांबला.

ठाण्यातल्या केवलरामनं त्या दिवशीचे फोटो तिला मोबाइलवर पाठवले होते. शेजारची पोरगी म्हणून तिनं ते एकदाच पाहिले आणि बंद केले होते. आता पुन्हा उघडले. फोटोतले पाचही दगड काळे कुळकुळीत होते.

२

चिऊला पोटभर पाजून, सासूच्या ओटीत देऊन राखी निघाली. दोन तासांत परत यायचं होतं.

रस्त्याच्या कडेनं मैलभर धान पसरलेलं होतं, पिवळंधमक. बाया पायांनी दाणे उलटवत चालत होत्या. चिंचेपाशी मात्र डांबर रिकामं होतं. भर दुपारी बाराला तिथे थंडावा होता, झाडाखालची माती ओलसर होती. पलीकडे वीस पावलांवर लख्ख ऊन.

"मावशी, इथं कोणी धान नाही वाळवत का?" तिनं एका बाईला विचारलं.

बाई हसली. "सावलीत? कोंब फोडाचे हायेत का धानाले?"

पाच दगड पोलिसांनी झाडाच्या बुंध्याशी लोटून ठेवले होते. राखीनं फोटोतला एक ओळखला. त्याच्या टोकाला ताजा टवका उडाला होता. तिकडे तिनं फार वेळ पाहिलं नाही. दोन्ही हातांनी तो उपडा केला.

खालची बाजू पांढरी होती. दुसरा उपडा केला, तोही पांढरा. पाचही.

एक दगड उचलून तिनं छातीशी धरला. वजन हातांना ओळखीचं वाटलं. चिऊएवढाच, सहा किलोच्या आसपास. असे पाच. दसरूचं धान पुढे रस्त्याखालच्या मोरीपाशी होतं, उघड्या उन्हात, ताडपत्रीखाली झाकलेलं. भोवतीच्या दगडांच्या पाळीत पाच जागा मोकळ्या होत्या आणि तिथे कुणीतरी पळसाची फांदी आडवी टाकली होती. पाळीतले बाकी सगळे दगड पांढरी बाजू वर करून होते.

मोरी ते चिंच तिनं पावलं मोजली. चारशे दहा.

धानवाला माणूस दगड उन्हातून सावलीत नेणार नाही. नेलेच, तर ज्या चुन्यासाठी त्याच्या म्हाताऱ्या आईनं हात सोलले, तो चुना डांबराकडे करून ठेवणार नाही. आणि चारशे पावलं पायी तीस किलो वाहणार नाही. हे दगड कुणीतरी गाडीवर आणले होते. दिसू नयेत म्हणून उलटे लावले होते. वर चार दाणे टाकले होते, म्हणजे जग बाकीचं आपणहून समजून घेईल.

म्हणजे डिंपल पडली नव्हती. तिला पाडलं होतं.

३

गुरुजींच्या गटात सायकली तीनच. डिंपल, मोनाली आणि शुभम. मागे स्कूटरवर गुरुजी. शुभम स्टेशन रोडवर बापाच्या सायकलच्या दुकानात बसायचा. राखी आत शिरली तरी तो चाकाच्या ताराच आवळत राहिला.

"मले माहीत होतं तुम्ही येसान, वहिनी."

"का बरं?"

"डिंपलनं मले चौकात झापलं होतं ना. मेसेज पाठवत जाऊ नको मनून. साऱ्या आमगावले माहीत हाय." त्याचा आवाज चिरकला. "मानूस नाराज होते वहिनी, दगड नाई मांडत."

"मग त्या दिवशीचं सांग. सरळ सांग."

"आमी एकामागं एक चालवतो. पुढचा हवा कापते, मागच्याले जोर कमी लागते. चाकाले चाक, वीतभर अंतर. मागच्याले रस्ता दिसतच नाई, फकस्त पुढच्याची पाठ दिसते. पुढचा खड्डा आला का हातानं दाखवते, तेवढाच भरोसा."

"आणि पुढचा कधी बदलतो?"

"किलोमीटरच्या दगडाले. सर आदल्या दिवशीच ग्रुपवर क्रम टाकतेत. सरांचा क्रम मंजे कायदा." त्यानं मोबाइल पुढे केला. चौथ्या खुणेपर्यंत शुभम, चार ते पाच मोनाली, पाच ते सहा डिंपल. "मी चौथ्याले बाजूले झालो, मागं आलो. दहा सेकंदही नाई झाले अन् समोर धाडकन..."

राखीनं मोबाइल पुन्हा वाचला. चिंच चौथ्या खुणेपासून शंभर पावलांवर होती.

"शुभम, चौथ्यानंतर पुढे मोनाली पाहिजे होती ना?"

"तेच त मी चार दिवसांपासून सांगून रायलो!" शुभमनं पाना आपटला. "मोनालीची पारी होती. डिंपल पुढं गेलीच कशी, थे मोनालीले विचारा. गोंदियाले संघाची निवड होती, पोरींची जागा एकच, वहिनी. एकच."

४

मोनाली सलामे मूळ चिचगडची. आमगावात मुलींच्या वसतिगृहात राहायची. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोलीतल्या बाकी मुली राखीला पाहून निघून गेल्या. जाताना एक कुजबुजली, "आता आली पकडाले."

"तू सकाळपासून जेवली नाहीस म्हणे."

"भूक नाई लागत."

राखीनं पर्समधला बिस्किटांचा पुडा फोडला. एक तिच्या डाव्या हातात दिलं, एक स्वतः खाल्लं. अंगावर पिणारं पोर घरी असलं की आईला दिवसभर भूक लागते. थोड्या वेळानं मोनालीनंही कुरतडायला घेतलं.

"लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना तुला?"

"हाव. मीच तिले पुढं धाडलो मनतेत." ती उठून बसली. "खरंच हाय, ताई. माझ्याचमुळं गेली ती."

"नीट सांग."

"मले त्या दिवशी पाळी आली होती. पोटात अशी कळ, का पायडल मारवे ना. सरांले कसं सांगू? शुभम पुढं होता. मी हळूच डिंपलले सांगितलो. ती मने, येडी हायस का, घरीच नाई का राहाचं? मंग मने, तू माया मागं ये, हवा मी कापतो. अन् चौथ्या दगडाले सरसर पुढं गेली." प्लास्टरवर टपटप पाणी पडलं. "सरांले मागून दिसलं नसन. अंधार होता, आमचे कपडे एकसारखे, हेल्मेटं एकसारखी."

राखीनं पुड्यातलं आणखी एक बिस्किट काढलं. मनात मात्र एकेक दार लागत होतं. मोनालीनं दगड लावले असते, तर ती डिंपलच्या चाकाला वीतभरावर चिकटून त्याच दगडांवर गेली नसती. तिच्याकडे गाडीही नव्हती. शुभमचा राग डिंपलवर, पण दगड होते मोनालीच्या वाट्याच्या रस्त्यावर. अदलाबदल झाली ती आयत्या वेळी, दोन मुलींच्या कानाकानात. ज्यानं पहाटे दगड मांडले त्याला ती ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

म्हणजे ते दगड मोनालीसाठी होते.

"मोनाली, तुझं वाईट कोण चिंतेल ग?"

"माझं? माझं कोनाले काय पडलं, ताई. मले त सर सोडून या गावात कोनीच नाई. सायकल त्याइची, बूट त्याइचे, दूध-अंडे त्याइच्या घरचे." ती हुंदक्यातून हसल्यासारखी झाली. "सर मंजे देवमानूस. त्या दिवशी स्कूटर टाकून पळत आले, तर आधी मलेच हाका मारल्या. मोनाली, ऊठ बेटा, मोनाली! डिंपलचा खांदा धरूनच मने. मी पलीकडं नालीत होतो. मंग त्याइनं तिले पालथी होती ती सरळ केली अन्..."

ही गोष्ट गल्लीतही सगळ्यांच्या तोंडी होती. पोटची पोर समोर पडलेली असताना परक्याच्या पोरीचं नाव घेतलं, केवढं काळीज! राखीनंही ती ऐकून डोळे पुसले होते.

"तोंड दिसायच्या आधीच?" तिनं विचारलं.

"हाव."

राखीच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. चिऊ पाच महिन्यांची. दहा बाळांत पाठमोरी निजली असती, तरी तिनं मानेवरून ओळखली असती. आणि अठरा वर्षं पाहिलेली पोरगी बापाला ओळखू आली नाही. कारण तिथे कोण पडलेलं असणार, हे त्याला पाहायच्या आधीच माहीत होतं.

५

सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही, गल्लीनं पाळीपाळीनं डबा द्यायचा, हा तिथला रिवाज. त्या संध्याकाळी पाळी राखीची होती. वरण-भात आणि पातळ बेसन घेऊन ती पटल्यांच्या अंगणात शिरली. स्कूटर भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पाय ठेवायच्या रबरी मॅटवर राखीनं बोट फिरवलं. खाचाखाचांत पांढरी पूड होती.

गुरुजी ओसरीवर एकटे बसले होते. त्यांची बायको धुरपताबाई आत, डिंपलच्या खोलीत.

"ये बाई. बाळ कुठं ठेवली?"

"सासूबाईंकडे." राखीनं डबा खाली ठेवला आणि समोर बसली. "काका, उद्या दसरूला नेतात. फुलवंताबाई आली होती सकाळी."

"कायदा आपलं काम करन."

"कायदा तुमच्या शब्दावर उभा आहे. पाच वाजता रस्ता साफ होता, हा तुमचा शब्द."

"होताच साफ."

"मग साडेपाचला दसरू आला तेव्हा त्याच्या पाळीतले पाच दगड आधीच गेलेले कसे? त्यानं तिथे फांदी लावली, ती अजून आहे." तिनं आवाज चढवला नाही. आत बाई होती. "काका, ते दगड सावलीत होते. सावलीत धान कोणी घालत नाही, हे तुम्हालाही कळतं. पण अंधारात ऊन-सावली कोण पाहतो? चुन्याची बाजू खाली होती. आणणाऱ्याकडे गाडी होती. चौथ्या खुणेनंतर पुढे कोण असणार, हे त्याला ठाऊक होतं, कारण क्रम त्यानंच लावला होता. आणि रविवारच्या निवडीत मोनाली नसती, तर ती एक जागा एकाच पोरीला मिळणार होती."

"चूप बस."

"डिंपलला हे माहीत असतं, तर ती पुढे गेली नसती. म्हणजे तिला माहीत नव्हतं. मग उरतं कोण?"

"राखी, चुना कोनाच्याही गाडीवर सापडन. अर्ध गाव तंबाखू खाते."

"मी चुन्याचं नाव घेतलं, तुमच्या गाडीचं नाही घेतलं अजून."

गुरुजींनी डोळे मिटले.

"आणि तुम्ही मोनालीला हाका मारल्या, काका. डिंपलच्या खांद्याला हात लावून."

त्या वाक्यावर माणूस कोसळला. रडला नाही. बसल्या जागी लहान झाला, एवढंच.

"चार सेकंद," ते म्हणाले. "मीच आणली तिले चिचगडहून. डिंपलच्या सोबतीले कोनीतरी तेज पायजे मनून. अन् ती चार सेकंदांनी पुढं गेली. वयोगटातलं डिंपलचं हे शेवटचं वर्ष होतं, वय निघून जात होतं. मले वाटलं, खांद्याचं हाड मोडन. महिनाभरात जुडते. मी सोता तिचा दवाखाना केला असता, राखी. देवाशपथ केला असता."

"आणि दसरू?"

"मी त्याचं नाव नाई घेतलो. मी फकस्त रस्ता साफ होता मनलो. बाकी त्याइनंच जोडलं."

"आता तुम्ही तोडा."

"तोडीन." त्यांनी तिच्याकडे हात जोडले. "जेलात जातो मी, फाशी जातो. पन हिले नको कळू देऊ. ती कशी जगन? अपघात होता, दुसऱ्याच्या चुकीनं गेली, एवढ्यावर ती श्वास घेऊन रायली. तेवढं राहू दे तिच्यापाशी."

राखीच्या छातीत दूध दाटून दुखू लागलं होतं, घरी चिऊ उठली असणार. ह्या घरातल्या बाईला एकच पोर होतं. आणि मोरीपलीकडे दुसरी एक बाई होती, तिलाही एकच.

दाराच्या चौकटीत हालचाल झाली.

धुरपताबाई उभी होती. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. खुंटीवरची शाल काढली, अंगाभोवती घेतली आणि पायात चप्पल सरकवली.

"राखी, तू जा. लेकराले पाज आधी," ती म्हणाली. "मी याइले ठान्यात घेऊन जातो."

६

राखी पोचली तेव्हा साडेसात वाजले होते. चिऊला तिनं कडेवरच आणलं होतं; ती पिऊन झोपली होती. ठाण्याच्या पायरीवर फुलवंताबाई गेल्या पाच दिवसांसारखीच बसली होती. राखीनं तिचा हात धरला आणि आत नेलं.

गुरुजी टेबलासमोर बसले होते. सगळं सांगून झालं होतं. न अडखळता, वर्गात धडा सांगावा तसं. किती वाजता निघाले, कुठून दगड उचलले, कसे लावले. फौजदार खुर्चीत मागे टेकला. मग केवलरामकडे पाहून म्हणाला, "त्या कुंभरेला बाहेर काढ. बसव इथं. चहा दे त्याला."

कोठडीचं दार वाजलं. दसरू उंबऱ्याशी येऊन थांबला. बाहेर खरंच यायचं का, हे त्याला समजत नव्हतं. फुलवंताबाई त्याच्याकडे धावली नाही. तिनं चालत जाऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग मानेवरून, मग दोन्ही दंडांवरून. सगळं जागेवर आहे की नाही ते पाहिल्यासारखं.

फौजदारानं नवा कागद ओढला. "नाव?"

"टेकचंद पटले."

"वय?"

"एकोणसाठ."

"धंदा?"

"शिक्षक. निवृत्त."

"मयताशी नातं?"

गुरुजींचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. फौजदारानं मान वर केली, पुन्हा विचारलं. गुरुजी टेबलाची कड धरून बसले होते.

मागे भिंतीशी उभी असलेली धुरपताबाई पुढे आली. तिनं तो कागद पाहिला, मग पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाप," ती म्हणाली. "लिवा, साहेब. बाप."